शरीराचे दप्तर

धुळ्याचे नाव निघाले की इतिहासाच्या अभ्यासकास प्रथम आठवतात ते राजवाडे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी उभा महाराष्ट्र पायांखाली घातला. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या बळदात, कोणाच्या देवघराच्या कोनाड्यात पडलेले मोडी कागद त्यांनी मिळविले, वाचले आणि छापले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी धुळ्यासच देह ठेवला. १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे स्थापन झाले. त्या मंडळाच्या संग्रहातील रुमाल म्हणजे गतकाळाची स्मृती होय. कागद राहिला म्हणून घटना राहिली. कागद गेला असता तर ती घडली होती की नाही, हे सांगावयास कोणीही उरले नसते.

परंतु असे एक दप्तर आहे की, ते राजवाड्यांसारख्या चिकाटीच्या माणसाच्याही हाती लागण्याजोगे नव्हते. ते माणसाच्या रक्तात असते, हाडांतील मगजात असते, पानथरीत असते, काखेतील आणि जांघेतील बारीक गाठींत असते. शरीरावर कोणत्या शत्रूने केव्हा चाल केली, तो कोणत्या वेषात आला आणि कोणत्या हत्याराने त्याचा पाडाव झाला, याची नोंद या दप्तरात होत असते. तोच शत्रू पुन्हा आला की शरीर जुना रुमाल सोडते आणि पहिल्यापेक्षा कितीतरी त्वरेने त्याचा समाचार घेते. रोगापासून शरीराचे रक्षण होते, त्यात या स्मृतीचा वाटा फार मोठा आहे. खानदेशचा इतिहास फारुकी सुलतान, अकबर, होळकर आणि इंग्रज यांच्या नावांनी लिहिला गेला, आणि तो तसा लिहिला जावा हे योग्यच आहे. पण या प्रांताच्या माणसांनी देवी, प्लेग आणि हिवताप या तीन शत्रूंशी जो झगडा केला, त्याचाही एक इतिहास आहे. तो या दुसऱ्या दप्तरात सापडतो.

प्रथम देवीचा विचार करू. मराठी माणसाने या रोगाला रोग म्हटलेच नाही. घरात मुलाच्या अंगावर फोड उमटले की ‘देवी आल्या’ असे म्हणावयाचे, दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधावयाचा, घरात फोडणी द्यावयाची नाही, परक्याने उंबरा ओलांडावयाचा नाही, आणि देवी उतरेपर्यंत हात जोडून बसावयाचे. पुष्कळदा देवी उतरत त्या मुलाला बरोबर घेऊनच. जे वाचत त्यांच्या तोंडावर वण राहत, काहींचे डोळे जात. परंतु या सर्व भाविकतेच्या पोटात एक अगदी रोखठोक अनुभव होता. ज्याच्या तोंडावर वण आहेत त्याला देवी पुन्हा येत नाहीत, हे बायाबापड्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून रोग्याच्या उशाशी बसावयाचे ते अशाच माणसाने. ख्रिस्तपूर्व ४३० मध्ये अथेन्स नगरीत मोठी साथ आली, तेव्हा थ्यूसिडिडीझ या ग्रीक इतिहासकाराने हेच लिहून ठेवले की, आजारातून उठलेल्यांना तो रोग पुन्हा जीवघेणा होत नसे, आणि तेच निर्भयपणे इतरांची शुश्रूषा करीत. तापीकाठच्या आजीबाईने आणि अथेन्सच्या इतिहासकाराने एकच गोष्ट पाहिली होती. ती का घडते, हे मात्र दोघांनाही सांगता आले नसते.

हे ‘का’ उलगडावयास विसावे शतक उजाडावे लागले. शरीराच्या संरक्षणाची पहिली फळी म्हणजे कातडी, नाकातोंडातील ओलसर अस्तर आणि पोटातील आम्ल. हा गावकूस झाला. तो ओलांडून जंतू आत शिरला तर रक्तातील आणि मांसातील भक्षक पेशी त्याला वेढून गिळतात. इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिलात गुलाबाचा काटा टोचला, आणि भटक्या पेशी त्या काट्याभोवती गोळा झालेल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. या भक्षक पेशी म्हणजे गावचे जागले म्हणावयाचे. दिसेल त्या परक्यावर ते धावून जातात, पण कोण केव्हा आला होता याचा लेखी हिशेब ठेवणे हे त्यांचे काम नव्हे.

तो हिशेब ठेवणाऱ्या पेशी निराळ्या. शास्त्रज्ञांनी त्यांना बी आणि टी अशी दोन नावे दिली आहेत. त्यांची रीत मोठी विलक्षण आहे. चोर आला, त्याचे कुलूप पाहिले आणि मग किल्ली घडविली, असा येथे प्रकार नाही. शरीरात कोट्यवधी पेशी आधीपासूनच तयार असतात, आणि प्रत्येकीजवळ वेगळ्या घडणीची किल्ली असते. बहुतेक किल्ल्यांना जन्मभर कुलूप मिळतच नाही. पण एखाद्या जंतूच्या अंगावरील कुलपाला जिची किल्ली बसली, ती एकच पेशी भराभर वाढू लागते, एकीच्या हजारो होतात. त्यांतील बी पेशी प्रतिद्रव्ये सोडून जंतूला जखडतात, तर टी पेशींपैकी काही रोगट झालेल्या पेशींनाच ठार करतात. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट याने १९५७ साली ही उपपत्ती मांडली, आणि पुढील संशोधनाने ती खरी ठरली. पहिल्या वेळी या सगळ्या तयारीस आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि एवढ्या अवधीतच रोगी जगतो किंवा मरतो. लढाई जिंकल्यावर ही वाढीव फौज मोडून टाकली जाते, परंतु थोड्या पेशी मागे ठेवल्या जातात. याच स्मृतिपेशी. देवीच्या बाबतीत त्यांची स्मृती इतकी टिकाऊ की, एकदा झालेली नोंद बहुधा जन्मभर पुरे.

या नोंदीची किंमत मात्र जबर होती. कित्येक मुले नोंद होण्यापूर्वीच जात. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली इंग्लंडात जे केले त्याचे मोल येथे आहे. गाईच्या देवीचा सौम्य रोग अंगात सोडला तर शरीर त्या सौम्य पाहुण्यावरूनच दांडग्या शत्रूची ओळख पटवून घेते. मरणाची किंमत न देता दप्तरात नोंद होते. ही लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईस पोहोचली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती प्रथम लागू पडली. तिच्या दंडावरील फोडातील लस घेऊन ती पुढच्या मुलांना, त्यांच्यापासून आणखी पुढच्यांना, अशी हातोहात ती हिंदुस्थानभर गेली. गावात ‘देवीडॉक्टर’ आल्याची वार्ता लागली की आया लेकरांना कणगीमागे दडवीत. परक्या मुलाच्या फोडातील पाणी आपल्या मुलाच्या अंगात घालावयाचे, ही गोष्ट जातीपातीच्या आणि सोवळ्याओवळ्याच्या समाजास कशी रुचावी? पुढे वासरांपासून लस होऊ लागली, तेव्हा ही एक अडचण तरी दूर झाली. अखेर मे १९७५ मध्ये आसामात देशातील देवीचा शेवटचा रोगी सापडला, १९७७ साली भारत देवीमुक्त ठरला आणि १९८० साली सारे जग. ज्यांच्या दंडावर अजून ती वाटोळी खूण आहे, ते या जुन्या मोहिमेचे चालतेबोलते कागद होत.

दुसरा शत्रू प्लेग. १८९६च्या पावसाळ्याअखेर तो मुंबईत प्रकटला, आणि माणसे ज्या वाटेने पळाली त्याच वाटेने तोही निघाला. खानदेशास रेल्वेने वैभव दिले होते. कापसाच्या गासड्या जळगाव-भुसावळच्या मार्गाने मुंबईस जात, आणि भुसावळ तर उत्तरेकडे व पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांचे मोठे नाके. ज्या लोहमार्गाने पैसा आला त्याच मार्गाने माणसांबरोबर, धान्याच्या पोत्यांबरोबर आणि उंदरांबरोबर रोगही येऊ शकत होता. ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द ऐकले की गावचे गाव उठून शेतात झोपड्या घालून राही. लोकांचे हे शहाणपण शास्त्राच्या आधीचे होते. रोग उंदरांवरील पिसवा पसरवितात हे सिद्ध व्हावयाचे होते, तरी मेलेल्या उंदराजवळ राहू नये, एवढे लोकांनी ताडले होते. बहिणाबाई चौधरी यांची गाणी आज घरोघर पोहोचली आहेत. जळगावच्या या माउलीच्या एका मुलास प्लेगने कायमचे अपंगत्व आणले, ही चरित्रातील नोंद मात्र थोड्यांच्या ध्यानात असते. जीव वाचणे म्हणजे सुटणे नव्हे, हे असल्या नोंदी सांगतात.

त्या काळच्या मराठी पत्रांनी प्लेगला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटले, आणि हे नाव फार समर्पक होते. काखेत वा जांघेत येणारी ती गाठ म्हणजे शरीराची चौकीच असते. पिसूच्या दंशातून शिरलेला जंतू प्रथम तेथे अडविला जातो. पण प्लेगचा जंतू असा कपटी की, तो भक्षक पेशींचे हातच बांधून टाकतो आणि चौकीतच आपली संख्या वाढवितो. चौकी शत्रूच्या ताब्यात गेली की गावाची वाट मोकळी होते.

या जंतूवर लस शोधणारा वाल्देमार हाफकिन हा ओडेसात मेचनिकॉव्हचाच विद्यार्थी होता. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून तो १८९३ साली पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आला. १८९६ साली सरकारने त्याला मुंबईस बोलाविले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्याने जंतू वाढविण्यास आरंभ केला. रश्शावर त्याने तुपाचे थेंब तरंगत सोडले. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढत. मग उष्णतेने ते मारावयाचे, आणि मेलेल्या जंतूंची लस टोचावयाची. मेलेला शत्रू अपाय करू शकत नाही, पण त्याचा चेहरा ओळखीचा होतो. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. न टोचलेल्यांत बारा जणांस प्लेग झाला आणि सहा दगावले. टोचलेल्यांत दोघांस झाला, दगावला कोणीही नाही. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्याची प्रयोगशाळा गेली. १९२५ पासून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

तथापि ही नोंद देवीच्या नोंदीसारखी पक्क्या शाईची नव्हती. काही महिन्यांत ती फिकी होई आणि पुन्हा टोचून घ्यावे लागे. त्यातच लोकांच्या मनाचे दप्तर आडवे आले. १८९७ साली पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरे धुंडाळली, त्याचे पर्यवसान २२ जूनच्या रात्री रँडच्या वधात झाले. त्यानंतर सरकारी डॉक्टरची सुई आणि सरकारी शिपायाची संगीन यांत भेद करणे लोकांस कठीण जावे, यात नवल ते काय? १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी एका बाटलीतील लसीने १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. दोष हाफकिनच्या माथी आला, आणि तो निर्दोष असल्याचे मान्य व्हावयास १९०७ साल उजाडले. शरीर विसरते ते समाज विसरत नाही. लस हा जसा पेशींचा प्रश्न आहे तसा तो विश्वासाचाही आहे, आणि गेलेला विश्वास कोणत्याही प्रयोगशाळेत वाढविता येत नाही.

आता तिसरा आणि खानदेशाचा सर्वांत जुना शत्रू, हिवताप. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला, तेव्हा हा मुलूख उजाड झालेला होता. होळकरांच्या फौजांची धामधूम आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ यांनी गावे ओस पडली होती. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यास मुख्य ठाणे केले, गढ्या घेतल्या, रस्ते मोकळे केले. पण सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या कुशीतले भिल्ल त्याच्या फौजांना आटोपेनात. याचे एक कारण भिल्लांचे शौर्य आणि डोंगराची माहिती हे होते. दुसरे कारण बखरीत फारसे येत नाही. पावसाळा संपला की डोंगरातील नाल्याओढ्यांच्या काठी तापाची लाट येई, आणि बाहेरचा शिपाई लढाईत पडण्याआधी खाटेवर पडे. अखेरीस १८२५ साली औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली आणि धरणगावास तिचे ठाणे झाले. या नव्या धोरणामागे राजकारण होते तसा तापही होता. १८८० च्या खानदेश गॅझेटियरानेही नवापूरकडील रानमुलखाची हवा परक्यास घातक म्हणून नोंदली आहे. किल्ल्यांचे तट तोफांनी ढासळले, पण डासांचा हा तट पुढची सव्वाशे वर्षे उभा होता.

मग भिल्ल-पावरे तेथे कसे राहत? गोऱ्या साहेबाने सोपे उत्तर काढले. या लोकांना ताप बाधत नाही, त्यांची घडणच वेगळी. हे उत्तर अर्धवट होते, आणि अर्धवट असल्यामुळे क्रूर होते. साहेब पाहत होता तो वयात आलेला धडधाकट तीरंदाज. त्याची जी भावंडे पाच वर्षांची होण्याआधीच मातीआड झाली, ती त्याच्या हिशेबात नव्हती.

हिवतापाचा परोपजीवी हा खरा बहुरूपी आहे. तो तांबड्या पेशीत लपून बसतो, आणि त्या पेशीवर उमटणारी आपली खूण वरचेवर बदलतो. शरीराने एका सोंगाची नोंद करावी तो हा दुसरे सोंग घेऊन हजर! त्यामुळे एका आजाराने काहीच साधत नाही. सातपुड्यातल्या बाळाला पहिले काही महिने आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये सांभाळतात. ती संपली की तापाच्या फेऱ्या सुरू होतात. पानथरी सुजून बरगडीखाली हाताला लागू लागते. मुलांच्या पोटावर हात ठेवून वाढलेल्या पानथऱ्या मोजणे, हीच डॉक्टरांची गावातला हिवताप मापण्याची जुनी रीत होती. अशी अनेक सोंगे ओळखीची होता होता जे मूल जगते, त्याला मोठेपणी ताप आला तरी तो सहसा जीव घेत नाही. आणि ही ओळखही उसनीच. काही वर्षे मुलूख सोडून राहिले की ती ओसरते. जिला ‘उपजत काटकपणा’ म्हटले गेले ती प्रत्येक पिढीने आपल्या लेकरांच्या जिवावर नव्याने विकत घेतलेली वस्तू होती.

जेथे पेशींची स्मृती पुरी पडेना तेथे आणखी एक गोष्ट घडली. ती या संरक्षक फौजेची करामत नव्हे. तटाचा दगडच बदलावा तसा तो प्रकार आहे. रक्ताला तांबडा रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी एक दुवा बदलला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होऊ शकते. हा बदल आई-बापांपैकी एकाकडूनच आला तर माणूस बहुधा निरोगी राहतो, आणि जीवघेण्या हिवतापापासून त्याचा पुष्कळ बचाव होतो. हिवताप आणि रक्तातील अशा आनुवंशिक दोषांचा संबंध असावा, असा तर्क पुढे भारताचे नागरिक झालेले हॉल्डेन यांनी १९४९ च्या सुमारास मांडला. विळ्याच्या पेशीपुरता तो १९५४ साली ॲलिसन याने पूर्व आफ्रिकेत पडताळून दाखविला. भारतात ही पेशी १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळली. नंतरच्या पाहण्यांत सातपुड्याच्या भिल्ल-पावऱ्यांतही तिचे प्रमाण मोठे दिसून आले. आजचा नंदुरबार जिल्हा १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग होता, आणि महाराष्ट्रात सिकलसेलचे नाव निघाले की त्याचे नाव प्रथम घेतले जाते.

दोन्ही पालकांकडून हा बदल आला म्हणजे मात्र तोच तारक दगड छातीवर पडतो. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक वेळा असे घडण्याचा संभव असतो. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडांत असह्य कळा येतात, अंगात रक्त राहत नाही. आणि पानथरी, जी शरीराच्या दप्तराची एक मोठी कचेरी, तीच लहानपणी रक्ताच्या अडथळ्यांनी सुकून जाते. एका रोगापासून वाचविण्यासाठी पिढ्यांनी जमविलेला हा वारसा अशा मुलाला न्यूमोनियासारख्या दुसऱ्या रोगांपुढे उघडे पाडतो. १९५३ नंतर डी. डी. टी. च्या फवाऱ्यांनी व औषधांनी हिवतापाचा जोर पुष्कळ मोडला. तो अधूनमधून उलटला, तरी पूर्वीचा दरारा राहिला नाही. शत्रू हटला, पण त्याच्यासाठी बांधलेला तट रक्तात तसाच उभा आहे, आणि त्याचा भार आज आतली मुले वाहतात.

देवीची नोंद एका आयुष्यापुरती होती. ती माणसाबरोबर सरणावर गेली. प्लेगची तर वर्षभरातच पुसट होई. हिवतापाने केलेली ही नोंद तेवढी बापाकडून मुलाकडे, आईकडून मुलीकडे चालत आली. राजवाड्यांनी जुने कागद वाचले ते अभिमान मिरविण्यासाठी नव्हे. आपण असे का झालो, हे कळावे म्हणून. रक्ताचे दप्तरही तेवढ्याच निर्विकारपणे वाचावयास हवे. वाहक असणे हा कलंक नव्हे, की कोणा समाजाचे उणेपण नव्हे. ज्या तापाने बाहेरच्या फौजांना सव्वाशे वर्षे डोंगराबाहेर रोखले, त्याच्याशी पिढ्यान्पिढ्या झुंजलेल्या माणसांच्या अंगावरची ती जखम आहे.

हे दप्तर वाचण्याचे काम आता सुरू झाले आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आरंभिली. २०४७ पर्यंत हा रोग आटोक्यात आणावयाचा आणि सात कोटी लोकांचे रक्त तपासावयाचे, असा तिचा संकल्प आहे. थेंबभर रक्ताने वाहक कोण ते कळते. लग्नाआधी पत्रिका पाहणाऱ्या देशात रक्ताची ही पत्रिका पाहणे जड जाऊ नये. आजारी बाळ जन्मतःच ओळखले गेले तर त्याला पेनिसिलिन देता येते, न्यूमोनियाची लस टोचता येते, पुढे हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने त्याच्या कळा कमी करता येतात. ज्या मुलाची पानथरी निकामी झाली, त्याच्या दप्तरात शत्रूची नोंद आधीच करून ठेवणारी लस हाच त्याचा मोठा आधार असतो. मात्र धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर सुई घेऊन जाणाऱ्याने पुण्याची १८९७ ची आठवण आपल्या बरोबर ठेवावी. आधी ओसरीवर बसावे, पाणी मागून घ्यावे, ही तपासणी कशासाठी आहे ते त्या घराच्या बोलीत सांगावे, आणि मगच बाळाचा हात हाती घ्यावा.